पडद्याखालचे पाय

पालुपीचं डोकं फिरलं ते एका दाढीवरून. दाढी सकाळी चांगली घोटून केलेली होती, पण जकार्ताच्या उकाड्यात दुपारपर्यंत तिने पुन्हा हिरवट डोकं वर काढलं होतं. आणि त्या दाढीच्या मालकाने अंगात घातला होता शाळकरी पोराचा पांढरा शर्ट आणि करडी पँट.

“आबांग,” ती निर्मात्याला म्हणाली, “हा अकरावीत शिकतोय, की ह्याचं पोरगं अकरावीत शिकतंय?”

निर्माता तोगार सितोरुस हा सुमात्राकडचा बाताक माणूस, आवाजाने दणदणीत. पालुपीहून चारच वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला आबांग म्हणायची, म्हणजे दादा. आणि तो तिला म्बाक म्हणायचा, म्हणजे ताई. मान द्यायला म्हणायचा, ऐकायला नव्हे.

“म्बाक, ह्या मुलाला इंटरनेटवर वीस लाख लोक बघतात.”

“मग त्या वीस लाखांना म्हणावं, आधी ह्याला शाळेतून पास करा.”

मुलगा बिचारा ऑडिशन न देताच घरी गेला. तोगारने कपाळाला हात लावला. पालुपीने मात्र लावला नाही, कारण कपाळाला हात लावायचं तिने पाच-सहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. एका धंद्यात किती वेळा लावणार?

ती मूळची जावातल्या क्लातेन गावची, शाळामास्तराची मुलगी. शिकायला म्हणून जकार्ताला आली आणि टीव्हीच्या मालिका लिहीत राहिली. आजवर तिने नायकाची स्मृती सहा वेळा घालवली होती आणि पाच वेळा परत आणली होती. सहाव्या वेळी मालिकाच बंद पडली, त्यामुळे तो माणूस अजून कुठेतरी बिनस्मृतीचा फिरत असेल. सावत्र आया, बदललेली बाळं, तीन-तीनदा वाजणाऱ्या थपडा, सगळं तिच्या हातून झालं होतं. त्यातल्या शाळेच्या मालिका म्हणजे तर डोक्याला ताप. पोरं लाल मोटारीतून शाळेत येणार, पोरींच्या ओठांवर लिपस्टिक, जाड्या पोराच्या तोंडावर टाल्कम पावडरीचा डबा उपडा होणार आणि मागून आधीच रेकॉर्ड केलेलं, डब्यातलं हसू वाजणार. ह्या मालिका एकामागून एक आपटायच्या. मग बैठक भरायची, आणि दर बैठकीत तोच निष्कर्ष निघायचा, की पावडर कमी पडली.

घरी तिची स्वतःची अकरावीतली मुलगी होती, गेंदिस. आईच्या मालिकेची अक्षरं पडद्यावर यायला लागली की ती उठून पाणी प्यायला जायची. नवरा बोर्निओच्या कोळशाच्या खाणीवर, वर्षातून एकदा ईदला येणारा. त्यामुळे टोमणे मारायला घरात आई एकटीच सापडायची.

“तुझ्या मैत्रिणींना तरी सांगत जा गं, आई लिहिते म्हणून,” पालुपी एकदा म्हणाली होती.

“सांगितलंय ना. तू विम्यात आहेस म्हणून.”

आणि आता हा रमजान. रमजानात सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास हा टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने सोन्याचा. सगळा देश हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसलेला असतो. बघत मात्र कुणी नसतं, सगळे अजानची वाट बघत असतात. मोठ्या वाहिन्यांनी सगळे मोठे विनोदवीर आधीच उचलले होते. तोगारच्या वाहिनीकडे पैसे नव्हते, चेहरे नव्हते, आणि गेल्या वर्षीचा पावडरीचा कार्यक्रम सपशेल आडवा झाला होता. तेव्हा कुठे पालुपीचा नव्या मालिकेचा कागद वर निघाला. तिच्या अटी तीनच. पोरांचं काम पोरांनीच करायचं. पावडर नाही. डब्यातलं हसू नाही. खऱ्या सोळा वर्षांच्या पोरांना पैसे कमी द्यावे लागतात हे लक्षात आल्यावर तोगारला ही कल्पना एकदम कलात्मक वाटायला लागली.

मालिकेचं नाव ‘अजून अर्धा तास’. त्यात घडत काही नव्हतं. चार मित्र शाळा सुटल्यावर बॅडमिंटनच्या मैदानाच्या कडेला बसून अजानची वाट बघायचे, एवढंच. पहिला आठवडाभर ते वर्गाची सामूहिक इफ्तार कुठे करायची ते ठरवत होते. एक म्हणायचा तळलेली कोंबडी, दुसरा म्हणायचा ती तर दर वर्षीचीच, तिसरी म्हणायची मला काहीही चालेल, आणि मग जे ठरेल त्याला नेमकी तीच नाही म्हणायची. शेवटपर्यंत काही ठरत नसे. ज्याने कधी अशी वर्गाची इफ्तार ठरवायचा प्रयत्न केलाय, त्याला हे बघताना हसावं की टीव्ही फोडावा ते कळेना.

प्रेक्षकांचे आकडे आले ते जेमतेम. “बरे आहेत,” तोगार म्हणाला, “पण बऱ्याने माझं पोट भरत नाही. दहाव्या रोज्यापर्यंत उडी मारली नाही, तर अकराव्यापासून ओम जाजा आणि पावडर.” ओम जाजा हे जुने विनोदवीर, ओम म्हणजे काका. पालुपीच्या मालिकेत त्यांना गणिताच्या मास्तरांचं बारीकसं काम होतं. पावडरीचा डबा बॅगेत ठेवूनच ते सेटवर येत असत, न जाणो कधी वेळ येईल.

घरी मात्र एक नवल घडलं होतं. पालुपीचे वडील, पाक दार्सोनो, म्हणजे तिचे बापाक, बायको गेल्यापासून जकार्ताशेजारच्या डेपोकला तिच्याकडेच राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा माणूस, गल्लीतल्या छोट्या मशिदीत पहिल्या रांगेत बसणारा. लेकीच्या मालिका त्यांनी आजवर एका शब्दात निकालात काढल्या होत्या, आणि तो शब्द होता ‘थोबाडीत’. ही मालिका मात्र ते रोज टोपी घालून बघायला बसायचे. मशिदीत सांगायचे, “ती अर्ध्या तासाची आहे ना, ती माझ्या पालुपीची. तिच्यात कुणी कुणाला मारत नाही.” शेहेचाळीसाव्या वर्षी पालुपीला बापाकडून पहिल्यांदा शाबासकी मिळत होती, आणि तीही परस्पर, शेजाऱ्यांकडून. तरी ती त्या शाबासकीवर दिवसभर जगायची.

सातव्या रोज्याला गेंदिसने भाग संपेपर्यंत बैठक मोडली नाही, पाणी प्यायलाही उठली नाही. रोजाच होता म्हणा. पण पालुपीने धीर करून विचारलं, “कसा वाटला?”

“बरा आहे.”

“पण?”

“पण ही चौघं फारच गुणी आहेत, इबू,” ती म्हणाली. आईला ती इबूच म्हणायची. “ते इफ्तारचं खरंय, आमच्या ग्रुपवर अगदी तेच चाललंय. पण सात दिवसांत एकाने पण रोजा मोडला नाही? आमच्या वर्गात अर्ध्यांनी मोडलाय.”

“अर्ध्यांनी? त्या अर्ध्यात तू आहेस का?”

“बघ! हेच. म्हणून तुमच्या मालिका पडतात.”

“अगं, मी साधं विचारलं.”

“तू आईसारखं विचारलंस. तुम्ही सगळे मालिकावाले आईसारखंच लिहिता. पोरगं वाईट असलं की त्याला शेवटी अपघात होतो, नाहीतर ते रडत मशिदीत जातं. आमच्यात कुणी वाईट पण नाहीये आणि चांगलं पण नाहीये. आम्ही नुसते घाबरट आहोत.”

पालुपीला संताप आला. एक तर पोरीने प्रश्नाला बगल दिली होती, आणि दुसरं म्हणजे पोरगी बरोबर होती. दुसऱ्याचा संताप जास्त होता.

नुसते घाबरट. तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. त्यावरून तिला आठवली ती क्लातेनची खाणावळ. खाणावळी रमजानात दिवसा उघड्या असतात पण पुढे पडदा लावतात, म्हणजे आजारी, प्रवासी, परधर्मी ज्याला खायचं त्याने आत खावं, बाहेरच्याला दिसू नये. पडदा पोटरीपर्यंतच असतो. खालून पाय दिसतात. म्हणून लपूनछपून खायला जाणाऱ्या पोरांचा एक अलिखित नियम असतो, की आत शिरायच्या आधी वाकून पाय बघायचे, ओळखीचे नाहीत ना याची खात्री करायची.

पालुपी पंधरा वर्षांची होती. ती आणि तिची मैत्रीण, दोघी भुकेने कळवळलेल्या, शाळेच्या गणवेशात, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या त्या पडद्यापुढे उभ्या राहिल्या. पालुपीने वाकून पाहिलं. बाकाखाली टायरच्या रबरी चपला होत्या, आणि उजवा पाय चपलेतून बाहेर काढून डाव्या पायावर ठेवलेला होता. तसा पाय ठेवून जगात एकच माणूस जेवायचा. आत ताटात चमचा वाजत होता. मग तो थांबला. आतल्या माणसालाही पडद्याखालून दोन जोड शाळेचे काळे बूट दिसले होते. वरचा पाय हळूच खाली उतरला, चपलेत शिरला, आणि अंगठा आखडला गेला. कितीतरी वेळ चारही बूट आणि दोन्ही चपला जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मैत्रिणीने तिला ओढून नेलं. संध्याकाळी घरी बापाक गोड चहाचा घोट घेऊन म्हणाले, “आज मात्र रोजा जड गेला.” पालुपी म्हणाली, “मलाही.” पुढे तीस वर्षांत दोघांपैकी कुणी त्या पडद्याचं नाव काढलं नाही.

हे लिहायचं म्हणजे बापाची अब्रू टीव्हीवर टांगायची. न लिहायचं म्हणजे अकराव्या दिवसापासून पावडर, आणि पुन्हा स्मृती गेलेले नायक. आठव्या रोज्याची पहाटेची सहरी आटोपल्यावर पालुपी जेवणाच्या टेबलावरच लिहायला बसली. गाव बदललं. मुलींचे मुलगे केले. मुख्याध्यापकांचे गणिताचे मास्तर केले, टायरच्या चपलांच्या जागी चामड्याच्या चपला दिल्या. फक्त पायावर पाय तेवढा तसाच ठेवला, कारण तो काढला की गंमत जात होती. एवढ्याशावरून कोण ओळखणार, असं तिने स्वतःला बजावलं आणि ते स्वतःला पटलं असं धरून चालली.

तोगारने कागद वाचले आणि खुर्ची मागे सरकवली.

“म्बाक, मी ख्रिस्ती आहे, हे तुला ठाऊक आहे ना?”

“ईदच्या मिठाईचे डबे तर सगळ्यांच्या आधी नेतोस.”

“चेष्टा नको. रमजानात मास्तर भरदिवसा जेवतो, आणि हे दाखवणारा कोण, तर तोगार सितोरुस! माझी चामडी लोळवतील.”

“जेवताना कुणी दिसतच नाही, आबांग. नुसते पाय दिसतात.”

“पण पाय जेवतायत हे कळतंय ना!” तो उठून फेऱ्या घालायला लागला. मग एकदम थांबला. “त्याला अल्सर दे.”

“काय?”

“पोटाचा अल्सर. शेवटी मास्तर म्हणतील, मुलांनो, मला डॉक्टरांनी उपास मना केलाय. मुलं रडतील, पाया पडतील. खाली एक उपदेशाची ओळ. सगळे खूश.”

“आणि हसणार कोण?”

“आधी हसतील ना.”

“नंतर अल्सर निघणार असेल तर आधी पण हसणार नाहीत! अरे, अल्सर असलेला माणूस पाय का आखडेल? तो आरामात जेवेल, वर दुसरं अंडं मागवेल. त्याला लाज वाटतेय म्हणून ते हसू येतं. तू लाज काढून घेतलीस की उरतो एक आजारी माणूस आणि दोन मूर्ख पोरं. आजवर आपल्या सगळ्या शाळेच्या मालिका ह्याच अल्सरने मेल्या. प्रत्येकाला काहीतरी कारण. चोरी केली तर आई आजारी, खोटं बोलला तर बाप दारुडा. पोरं बघतात आणि म्हणतात, आमची आई तर ठणठणीत आहे, मग आम्ही का खोटं बोलतो? आपल्याबद्दल काहीच नाही ह्यात. आणि चॅनेल बदलतात.”

“भाषण छान झालं,” तोगार म्हणाला. “अल्सर राहू दे.”

असं दिवसभर चाललं. चित्रीकरणाला गेले तेव्हाही शेवटच्या पानावर अल्सर होता, आणि पालुपीने त्याच्यावर काट मारली होती, आणि तोगारने काटेवर पुन्हा लिहिलं होतं. तिच्या मनात एकदा येऊन गेलं, की अल्सर ठेवला तर घरी बरं होईल. बापाक बघतील, म्हणतील, बिचारा मास्तर, आणि विषय संपेल. ह्या विचाराचाही तिला राग आला, आणि ती तोगारशी आणखी जोराने भांडली.

आता ओम जाजा. त्यांना पडद्यामागे बाकावर बसवलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “कॅमेरा कुठाय?”

“पडद्याच्या त्या बाजूला. खाली जमिनीवर.”

“आणि माझा चेहरा?”

“चेहरा नाहीये, ओम. पाय आहेत.”

“चाळीस वर्षं लोक माझ्या चेहऱ्याला हसतायत! पायांना कोण हसतं? मी बाकावरून पडतो. पडलो की पडद्यातून चेहरा बाहेर येईल. अगदी अलगद पडतो, बघ.”

“पडायचं नाही.”

“थोडासा?”

पहिल्या दिवशी हा प्रसंग इफ्तारनंतर घ्यायचा शहाणपणा तोगारने केला होता, दिवे लावून दुपार करू म्हणाला. ओम जाजांनी नारळाच्या दुधातलं गोड कोलाक दोन वाट्या, सहा भजी आणि भाताचा डोंगर पोटात टाकला आणि मग भुकेल्या माणसाचे पाय करायला बसले. ते पाय झोपले होते. पालुपी त्या पायांकडे बघून रडायच्या बेताला आली. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर दुपारी चार वाजता पुन्हा जमलं, घसा कोरडा, डोळे खोल, प्रत्येकजण दुसऱ्यावर वसकन ओरडणारा.

अडचण एकच उरली. ताटात चमचा वाजायला हवा, आणि तो खरा वाजायला हवा. रिकामं ताट बडवलं की ते बडवल्यासारखंच ऐकू येतं. सगळ्यांचे रोजे. सगळ्यांच्या माना हळूहळू तोगारकडे वळल्या.

“मी?” तोगार म्हणाला. “मी निर्माता आहे.”

“तू ख्रिस्ती आहेस,” पालुपी म्हणाली. “दोन दिवस सांगतोयस.”

तेव्हा वाहिनीचा निर्माता तोगार सितोरुस पडद्यामागे ओम जाजांच्या शेजारी, पाय वर घेऊन, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा बसला, आणि समोर गरम भात, वांग्याची लाल चटणीतली भाजी, तेंपेच्या सोयाबीनच्या वड्या आणि तळलेलं अंडं आलं. ओम जाजांच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

“हा छळ आहे,” ओम जाजा म्हणाले.

“चालू,” पालुपी म्हणाली.

चमचा वाजला. तोगार मन लावून खात होता. ओम जाजांचा उजवा पाय चपलेतून निघून डाव्यावर बसला, आणि त्या पायाने वासाच्या दिशेने जी काही तळमळ केली ती कुठल्याही दिग्दर्शकाला शिकवता आली नसती. मग पडद्यापुढे मुलांचे बूट येऊन थांबले. चमचा थांबला. एकेक करून दहाही बोटं आखडली. जमिनीवर पोटावर झोपलेला कॅमेरामन हसू दाबता दाबता लाल झाला, आणि आवाजवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. चाळीस वर्षं चेहरा वापरून ओम जाजांना असं हसू मिळालं नव्हतं. ते पडद्यामागून कळवळून विचारत होते, “हसले का? कशाला हसले? मी काहीच केलं नाही!”

तोगार मात्र बाहेर येईना. पालुपीने पडदा बाजूला केला तर तो अर्धं अंडं हातात धरून बसला होता.

“मी शाळेत असताना वर्गात एकटा ख्रिस्ती,” तो म्हणाला. “रमजानात खाणावळीत हक्काने जेवणारा मी एकटाच. आणि रोज पडदा सारून आत गेलो की अर्धा वर्ग आधीच बसलेला. सगळे एकदम म्हणायचे, तोगार, तू आम्हाला पाहिलं नाहीस. वर मलाच शिव्या घालायचे, की तुला काय, तुझं बरंय, तुला पाप लागत नाही. ताटातलं अंडं पण पळवायचे.” तो हसायला लागला, मग हातातलं अंडं त्याने ताटात ठेवलं. “एकालाही अल्सर नव्हता, म्बाक.”

“मग?”

“मग काढतो. पण वरून नोटीस आली तर मालिका गेली, आणि मी सांगणार की लेखिकेने माझं ऐकलं नाही.”

“खरंच आहे ते,” पालुपी म्हणाली.

भाग लागला तो दहाव्या रोज्याला. पालुपी मुद्दाम लवकर घरी आली, टीव्ही बिघडवता येतो का बघावं असाही विचार तिने गाडीत केला होता. पण बापाक आधीच टोपी घालून आरामखुर्चीत, पाय पुढच्या स्टुलावर, आणि चेहरा उजळलेला.

“आज दुपारी मशिदीत सगळ्यांना सांगून आलोय, बघा म्हणून,” ते म्हणाले. “सगळे बघणारेत.”

“सगळे कशाला, बापाक!”

“का? चोरून लिहितेस काय?”

गेंदिस खाली फरशीवर, स्टुलाला टेकून, हातात फोन. टेबलावर खजूर, पाणी, गोड चहा. पालुपी दाराच्या चौकटीत उभी राहिली, म्हणजे वेळ पडली तर स्वयंपाकघरात जाता येईल.

पडदा आला. पोरांनी वाकून पाहिलं. चपला दिसल्या, पायावर पाय चढला, आणि गेंदिस जी हसली ती फुटलीच. आडवी झाली, फोन फरशीवर आपटला, पोट धरून म्हणाली, “बोटं! इबू, ती बोटं बघ!” फोन तिकडे थरथरत होता, वर्गाच्या ग्रुपवर पोरं घरातल्या पडद्यांमागे उभी राहून आपापल्या पायांचे फोटो टाकत होती. गेंदिसने फोन उचलायला मान वळवली. तिच्या डोळ्यांसमोर आजोबांचं स्टूल आलं. स्टुलावर डावा पाय होता, आणि डाव्यावर उजवा.

तिने टीव्हीकडे पाहिलं. पुन्हा स्टुलाकडे पाहिलं. हसू तोंडावर तसंच अडकून राहिलं.

पाक दार्सोनोंनी वरचा पाय हळूच खाली घेतला.

पालुपीला स्वयंपाकघरात जाता आलं नाही. टीव्हीवर पोरं निघून गेली, मास्तरांचा चमचा पुन्हा चालू झाला, आधी हळू, मग भराभर, आणि भाग संपला. कुणी रडलं नाही, खाली कुठली ओळ आली नाही. मग अजान झाली. बापाकनी पुटपुटत दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, चहाचा घोट घेतला. रोज ते इथे काहीतरी बोलायचे. आज कपात बघत राहिले. गेंदिसने खजुराची बी दोन बोटांत धरून ठेवली होती, टाकायची कुठे हे तिला सुचेना.

आता मशिदीत हे कसे जातील, पालुपीला वाटलं. पहिल्या रांगेत बसतील का मागे बसतील? माझ्या हाताने मी हे केलं. आणि जिने तोगारशी एका शब्दावरून इतकं भांडण केलं होतं, त्याच बाईच्या तोंडून शब्द निघाले, “बापाक, तुम्हाला तेव्हा पोटाचा त्रास होता ना? अल्सर का काहीतरी...”

म्हाताऱ्याने कप बशीत ठेवला.

“पोट ठणठणीत होतं,” ते म्हणाले. “भूक लागली होती.”

गेंदिसने टीव्हीचा आवाज बंद केला.

“दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळी शाळा उभी केली,” ते टीव्हीकडे बघतच म्हणाले, “आणि मी प्रत्येक मुलाचे पाय बघत रांगेतून फिरलो. वर्षभर बघत होतो. कोणाचं पोर असेल, घरी काय सांगितलं असेल. घरातले पाय बघायचं कधी डोक्यात आलं नाही.” मग त्यांनी मान वळवली, आणि शाळा सुटून सोळा वर्षं झाली असली तरी मुख्याध्यापकांची नजर तीच होती. “आणि तू गं? तू त्या पडद्यापुढे काय करत होतीस?”

गेंदिसने आईकडे पाहिलं.

“मी...” पालुपी म्हणाली, “माझ्या पोटात दुखत होतं, बापाक.”